बाहेर उणे एकतीस

खिडकीच्या काचेनं आतून बर्फ धरलाय
आणि पडद्यावर आकडा: सत्त्याण्णव.
एका खोलीत दोन ऋतू कसे सांभाळायचे ते
उलानबातरमध्ये रात्री
लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्या बाईला विचारा.

त्रेसष्ट टक्क्यांवर मशीन पुन्हा बंद पडलं.
नवरी घोड्यावरून उतरत होती,
एक पाय रिकिबीत, एक हवेत.
तशीच राहिली.

आधी मी अडाणीपणा केला.
डब्याची बाजू उघडून मशीन खिडकीशी नेलं, फट पाडली.
थंडी आत आली, कोळशाचा धूर घेऊन,
आकडा दोननं उतरला. फक्त दोननं.
"थंडी कितीही ओत," बाजारातला पुन्त्साग म्हणाला,
"आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नको?
आईच्या गेरमधलं धुराडं चोंदलं
तर तू काय अंगणात बर्फ वाढायची वाट बघतेस?"

त्याच्या दुकानात कूलर टांगलेले असतात
खाटकाकडे बरगड्या टांगतात तसे.
मला सहा नळ्यांचा हवा होता, दोन पंख्यांचा, काळा.
पुन्त्सागनं टेप काढली. एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर.
माझ्या डब्यात जागा एकशे पंचावन्न.
वाढलेल्या नखाएवढा फरक
आणि झाकण जन्मात लागणार नाही.
मग पाण्याचा घे, म्हणाला.
मी म्हटलं, मागच्या जानेवारीत इमारतीची नळी फुटली,
जिन्यात घोटाभर पाणी, सकाळपर्यंत त्याचा दगड.
नको मला पाणी.
शेवटी चार नळ्यांचा घेतला, बुटका, राखी,
लग्नात कोपऱ्यात बसणाऱ्या मेहुण्यासारखा,
पण पंखा हळू बोलतो आणि झाकण लागतं.
पेस्टची नळी त्यानं वर फुकट दिली, आणि दोन शब्द:
"जास्त नको."

घरी आले. चार स्क्रू, तिरके तिरके सैल करत.
जुना कूलर ओढला तर सहज हातात आला.
उलटा करून बघते तर तळाला
प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा,
त्यावर चिनी अक्षरं आणि एक बाण.
न वाचताही कळतं: मला आधी काढ.

तुवशिननं बसवला होता हा,
कोरियाला निघायच्या आदल्या रात्री,
बॅग अर्धी भरलेली, अर्धी पलंगावर.
"दोन वर्षं बघायला नको," म्हणाला होता.
पेस्ट बोटानं पसरायची त्याला सवय.
कडेला, जिथं काही टेकलंच नव्हतं,
वाळून कडक झालेला त्याचा अंगठा होता,
रेघांसकट,
वेल्डिंगच्या जुन्या डागासकट.

अल्कोहोलचा बोळा हातात घेऊन
किती वेळ बसले माहीत नाही.
खारट चहावर साय धरली.
आधी मधलं पुसलं.
मग कडा.

दोन धातू स्वतःला सपाट समजतात
आणि नसतात.
मधल्या खड्ड्यांत हवा राहते,
हवा कुणाचा निरोप धड पोचवत नाही.
एवढ्यासाठी पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी.
माझा हात सुटला, जास्त आली.
अति तिथं माती;
कागदाच्या कोपऱ्यानं निम्मी उचलली.
नव्या कूलरलाही पापुद्रा होता.
काढला. दिव्याशी धरून पुन्हा बघितलं.
मग नखानं खरवडून, तिसऱ्यांदा.

आकडा अठ्ठावन्नवर जाऊन बसला.

जुन्या पापुद्र्याचा फोटो त्याला पाठवला.
तिथं पहाटेचे चार. तरी उत्तर आलं:
"मला वाटलं ते पॉलिशच आहे."
मग बराच वेळ काही नाही.
मग: "दोन वर्षं तशीच चालवलीस?"

मी काय लिहिणार.
नवरीचा दुसरा पाय
आत्ता कुठे जमिनीला लागत होता.