वरचं तुझं

कामाला ठेवताना शेठ म्हणले,
पगार सात हजार, जेवण इथंच,
वरचं तुझं.

वरचं म्हणजे
बडीशेपेच्या वाटीत दुमडलेली दहाची नोट,
कधी पाचाचा ठोकळा.
जूनमध्ये जरा बरं असतं.
पाटोद्याचे, देगलूरचे, जिंतूरचे बाप
पोरांना लातुरात ट्यूशनला सोडून
परतीच्या एसटीआधी आमच्याकडं जेवतात.

आता काउंटरवर तो काळापांढरा चौकोन.
गिऱ्हाईक फोन धरतं, डबी बोलते:
तीनशे चाळीस रुपये प्राप्त झाले.
बिल तीनशे दहाचं.
वरचे तीस कुणाचे, ते डबी बोलत नाही.
शेठ म्हणतात, शनिवारी बघू.
शनिवारी फुटलेले दोन ग्लास निघतात.

मागं मोरीत नागनाथ.
बडीशेपेची वाटीही तोच घासतो,
त्याच्याकडं ती रिकामीच येते.

परवा एकानं सवयीनं दोन ताटं सांगितली,
मग एक परत पाठवलं.
जाताना माझ्या हातात पन्नास ठेवले.
'कितवीला हाईस रे?'
अकरावी, म्हणलो.
'कुठली ट्यूशन?'
रस्त्यापल्याडची पाटी दिसली, ती वाचली.
'घरी फोन करत जा,' म्हणला,
अन् रिक्षात बसला.

रात्री शटर ओढल्यावर
पन्नास मोडून वीस नागनाथला दिले.
कशाचे, त्यानं विचारलं.
म्हणलं, अकरावीचे.
तो काही बोलला नाही.
ओली झालेली नोट त्यानं
मोरीच्या फरशीला चिकटवली, वाळायला.