मॅचिंग

महाद्वार रोडला माझं दुकान.
लेस, बटणं, फॉल.
सुरतेची लेस मीटरवर मोजतो, कात्रीनं कापतो,
टोकाला पेटती काडी दाखवतो,
नाहीतर सुटते.

सालोमीबाई आवळे
चाळीस नंबरचा दोरा न्यायच्या.
गर्दी असली की स्टुलावर बसून सुई चालवत:
तीन साखळ्या, एक खांब,
एक घर रिकामं, मग मुका खांब.
मुका कशाला, मी एकदा विचारलं.
‘उंची नसते त्याला.
पण धरून तोच ठेवतो बघा.’

पुढं तो दोरा यायचा बंद झाला.
मिलनं कळवलंसुद्धा नाही.

परवा आल्या. बिस्किटांच्या डब्यात गुंडा.
स्वतःच्या लग्नातल्या ओढणीची लेस उसवलेली,
नातीच्या बाप्तिस्म्याच्या झग्यासाठी.
‘एक टोक ओढलं.
सहा महिन्यांचं काम
चहाला उकळी येईस्तोवर सुटलं.’

गुंडा सोडला तर दोरा सरळ होईना.
बावन्न वर्षं वळणात राहिलेला,
काउंटरभर कुरळा.
कुठं खांब होता, कुठं घर,
बोटाला कळत होतं.

‘शेवटची ओळ राहतीया. मॅचिंग मिळंल?’

शेड कार्ड उघडलं.
पांढऱ्याच्या सतरा तऱ्हा,
सायीचा, शंखाचा, तांदळाचा,
एकेक त्याच्या शेजारी धरला,
दारापर्यंत नेला, उन्हात.
तेवीस वर्षं हेच करतोय ओ मी.

बाई थांबल्यात.
कार्ड मिटायला हात होईना.