ताशी ८

पाटी मीच रंगवली, धक्क्याच्या डाव्या खांबावर.
पिवळ्यावर काळं : वेगमर्यादा ताशी ८ कि.मी.
भुसावळला रुळांकाठच्या पाट्या रंगवण्यात हयात गेली,
तिथे वेग म्हणजे पन्नास, पंच्याहत्तर, एकशे दहा.
आठ पहिल्यांदाच.
मराठी आठ लिहायला सोपा,
दोन फटकारे, एक इकडे उतरता, एक तिकडे.
छपरासारखा.
खाली भिंती नाहीत.

प्रणित भारंबेच्या बोटीला शंभर घोड्यांचं इंजिन.
केळीच्या दोन हंगामांचा पैसा, म्हणतात.
रविवारी जळगावहून गाड्या येतात,
नारिंगी जाकिटातली माणसं किंचाळायचे पैसे मोजतात,
आणि तो बरोबर माझ्या पाटीपाशी येऊन मूठ पिळतो.
'पाण्यावर कुठला वेग, पेंटर?
ना खड्डा, ना वळण, ना समोरून ट्रक.'
मला उत्तर सुचलं नाही.
खरंच, बोट जाते तेव्हा काहीच होत नाही.
लाट नंतर येते.

सावकाश येते.
झिपरू भोईचं जाळं उचलते, पिळते, ठेवून देते.
पाणगवतात टिबुकलीचं तरंगतं घरटं
एकदा वर, एकदा खाली,
मग टिबुकली नुसतीच गोल गोल फिरत राहते.
तोवर बोट चांगदेवाच्या संगमावर पोचलेली,
तापी कुठली, पूर्णा कुठली
विचारत लोक फोटो काढताहेत.

झिपरूआबानं तक्रार केली नाही.
एका सोमवारी, क्लब बंद असताना,
त्यानं प्रणितला डोंगीत बसवलं. मलाही.
वल्ह्यानं निघालो.
'डावीकून जाऊ,' स्वतःशीच बोलला, 'मंधी उकाजीचा ओटा आहे.'
मी पाहिलं : पाणी. हिरवट, सपाट,
ऊन त्यात दोन हातांवर विझलेलं.
'हा पाराचा उतार. गाडी आली का कासरा ओढा लागे.'
आणि त्यानं खरंच वल्हं आखडून धरलं,
जसं एखादं पोर आडवं पळालं.
प्रणित हसला.
मग आबा वळला, जिथे वळायचं काही कारण नव्हतं,
पुन्हा वळला,
आणि प्रणितनं डोंगीची कड धरली,
अरुंद बोळातून जाताना कोपर आत घ्यावं तशी.

एका जागी आबानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.
डोंगी आपोआप मंदावली.
'अठी शाया व्हती.'
मी विचारलं, 'किती खोल असंल?'
'तिसरीपावतर शिकलो,' आबा म्हणाला.

परत येताना कोणी बोललं नाही.
मी हिशेब करत होतो,
शाळा पुढे आहे, ही पाटी किती रंगवल्या असतील :
दोन पोरं, पाठीवर दप्तर, हातात हात.
नशिराबादला, वरणगावला, फैजपूरच्या फाट्यावर.
पोरांना चेहरे काढायचे नसतात,
ठेकेदार रंग वाया घालवू देत नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो.
इंजिन नेहमीसारखंच ओरडलं.
पाटी ओलांडली, वेग वाढला, जाकिटं किंचाळली,
आणि त्या जागेपाशी आवाज खाली बसला.
'पंख्यात शेवाळ अडकलं,' तो गिऱ्हाइकांना सांगत होता.
'भाऊ, पैसे दिलेत, पळवा ना!'
त्यानं पळवली. पण पन्नास-साठ वाव पुढे जाऊन.

लाट आलीच.
थोडी लहान होती, की मला तसं वाटलं.
आबानं जाळं झटकलं, माझ्याकडे पाहिलंही नाही.

वैशाखात पाणी उतरलं तेव्हा पाटीला दुसरा हात द्यायला गेलो.
रंग ओला होता, वारा पडलेला,
आणि खाली पाण्यात तोच आठ उलटा :
वर छप्पर, खाली होडी.
हात धुवायला वाकलो तर होडी मोडली.
बसून राहिलो थोडा वेळ.
परत जुळली.