मागचा आकडा

मिरजेच्या दवाखान्यात एक मुलगी
टेबलावरचं मशीन सुरू करते.
दर तीन सेकंदांनी एक आकडा येईल, मावशी.
आलेला आकडा त्याच्या मागच्यात मिळवायचा.
उत्तरात नाही हं, मागच्या आकड्यात.

तीन. सात.
दहा.
दोन.
नऊ.
आठ.
दहा.
पाच.

पाचाच्या मागं कोण होतं?

मार्केट यार्डात बावीस वर्षं
भूपालशेठच्या पेढीवर मी हळदीच्या पट्ट्या केल्या.
हमाली, तोलाई, अडत,
बाहेर सौद्याचा गलका,
एका कानाला फोन,
दुसऱ्या कानात काट्यावरचा आकाराम वजनं ओरडतोय,
आणि पेन चालूच.
कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये असायचा, नव्या पोरांसाठी.

मुलगी म्हणते, चुकलं तरी पुढं चला.
पुढं कसं?
पट्टी चुकली की माणूस पायरीवर बसून राहायचा,
बैलासारखा, न बोलता,
आकडा जुळेपर्यंत.

परवा झारा आठवला नाही.
म्हणजे झारा समोर, खुंटीला,
त्याचं नाव तेवढं कुठं गेलेलं.
सन्मतीला म्हटलं, ते दे गं, ते भोकांचं.
ती हसली, मीपण हसले,
मग हसू थांबेना,
आणि हसता हसताच रडू फुटलं,
कशाचं ते मलाच विचारू नका.
पुरी काळी झाली.

जाऊ म्हणते, आमचंपण विसरतंच की हल्ली.
दिसतेस तर चांगली.
हो, दिसते.

दुपारी तीनला मी संपते.
झोप नव्हे ती, कामाचा शीणही नव्हे.
लाईट जाते
आणि मिक्सरमध्ये अर्धी चटणी तशीच राहते,
खोबरं एकीकडं, मिरची एकीकडं.
एप्रिलात तर अक्षरंसुद्धा तापतात,
पेपरातली ओळ डांबरासारखी हलते.
मानेवर ओला पंचा टाकून बसते,
हळूहळू ओळ जाग्यावर येते.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
हे पांढरे ठिपके. इथं नसांवरचं आवरण गेलंय.
मला पॉलिशचा ड्रम दिसला.
आत हळकुंडं गरागरा फिरतात,
एकमेकींना घासून साल सोडतात,
पिवळी धूळ उडते, हमालांच्या भुवयांवर बसते.
साल निघालेल्या मालाला भाव जास्त.
म्हटलं, डॉक्टर, मग माझा भाव वाढायला पाहिजे की.
ते हसले नाहीत.
काहीतरी लिहून घेतलं.
मनःस्थितीच्या रकान्यात असेल.

खरी गोष्ट त्यांना सांगितली नाही.
पेढी सोडली त्या आठवड्यात आकाराम घरी आला,
चहा बशीत ओतला, प्यायला नाही.
म्हणाला, राजमतीताई, रागावू नका,
तीन महिने शेठ रात्री थांबून
तुमच्या पट्ट्या परत करत होते.
तुमच्याच अक्षरासारखं अक्षर काढून.

चुकले, त्याचं काही नाही.
माणूस चुकतो.
मला कळलं नाही.
मी रोज सहाला पेन टोपणात घालून
बरोबर आहे, असं म्हणत घरी येत होते.

तेव्हापासून घरात कान देऊन ऐकते.
माझ्यामागून कोण गॅस बंद करतं,
कोण औषधाची डबी उघडून मोजतं,
कोण मी सांगितलेली गोष्ट
दुसऱ्यांदा ऐकताना
पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड करतं.
सन्मती हे फार छान करते.
मी तिला सांगत नाही की मला समजतं.
तेवढी एक पट्टी माझ्याकडं राहू दे.

मुलीनं मशीन बंद केलं.
म्हणाली, वयाच्या मानानं ठीक आहे,
आणि कागद उलटा ठेवला.

परतीच्या बसमध्ये
विश्रामबागच्या अलीकडं
आठ आला. सहज. खिडकीशी बसायला आल्यासारखा.
त्याच्या पाठोपाठ पाच.
तेरा, मी म्हटलं, मोठ्यानं.

कंडक्टर म्हणाला, तेरा नाही मावशी, वीस.

पिशवीतून सुट्टे काढले.
सावकाश मोजले,
एकदाच.