मासे कुठले होते

गच्चीवर खिचियाचे पापड घालता घालता
आई विचारते,
सहा वर्षं तिथं होतं तरी काय रे?

भात होता, म्हणतो मी.
डांबरी रस्त्याच्या अर्ध्या अंगावर वाळत घातलेला,
आणि पालिकेच्या बास्केटबॉल मैदानात
अर्ध्यावर भात, अर्ध्यावर पोरं.
चेंडू भातात गेला की दोन्हीकडून शिव्या.
ट्रायसिकलवाले हॉर्न न वाजवता
भाताला वळसा घालायचे,
रावपुऱ्यात गाईला घालतात तसा.

गाव केवढं?
आपल्या सावलीएवढं असेल, पण एका अंगाला समुद्र
आणि दुसऱ्या अंगाला डोंगर.
डोंगरातले लोक शनिवारी खाली यायचे,
खांद्यावर अबाकाचं वाख, पायात काही नाही.
बाजारातले त्यांच्या पाठीमागे एक शब्द वापरायचे.
भाषा यायच्या आधी मला तो शब्द कळला.
आपल्याकडेही आहे ना.

शेवटच्या वर्षी मला गावच्या दवाखान्यात टाकलं.
दवाखाना म्हणजे एक खोली, एक फणस
आणि नांग पेरला.
फणसाला काटा टांगलेला,
काट्याला कापडी चड्डी,
चड्डीत लोंबकळत बोंबलणारं पोर.
मी आकडा वाचायचा, तिनं वहीत लिहायचा,
मग तो खोडून
स्वतःचा लिहायचा.
तिचाच बरोबर निघायचा.

राहायलाही मी तिच्याकडेच.
मी शाकाहारी म्हणून तिनं वेगळी कढई आणली
आणि तेल मात्र माशांचंच वापरलं.
हे मी घाईत सांगतो
आणि पुढे जातो.

रस्त्यात पोरं माझा हात ओढून
आपल्या कपाळाला लावायची. मी चोवीस वर्षांचा!
वाकायचं कसं, ते तू शिकवलं होतंस.
आपल्यापुढे कुणी वाकलं तर
तोंड कसं करायचं, ते नव्हतं शिकवलं.

मग वादळ आलं.
समुद्रकाठचे, बाजारातले, डोंगरातलेसुद्धा
सगळे एका चर्चमध्ये, बाकांखाली.
त्या रात्री तो शब्द कुणी वापरला नाही.
(पुढच्या शनिवारी वापरला.)
सकाळी कपितान भिजकी वही घेऊन आला,
घरटी तांदूळ वाटायचे होते.
घर क्रमांक सत्तेचाळीस, माणसं किती?
मी, दोन नाती, एक डॉक्टर, पेरला म्हणाली.
डॉक्टरचं नातं काय?
ती चिडली.
लिही, आमचा.
माझ्या वाट्याला तीन किलो आले.
घरी आल्यावर तिनं ते
पोरांच्या काट्यावर पुन्हा तोलले. दोनशे ग्रॅम कमी.
तशीच उलट्या पावली भांडायला गेली.

आई काही बोलत नाही.
खाली दांडिया बाजारात कुणीतरी स्कूटर चालू करतंय, होत नाहीये.
सकाळी मला अलकापुरीच्या क्लासला जायचंय,
इथं डॉक्टर ठरण्याच्या परीक्षेची
ही तिसरी खेप.
आणि परवा यादीवाला आला तेव्हा
माझ्या नावापुढे लिहिलेलं निघालं, स्थलांतरित.
आई त्याच्याशी गुजरातीत भांडली,
दार लावल्यावर मराठीत.

ती पापड उलटते. एकेक, कडेनं, न मोडता.
शेवटची ओळ संपली की पदराला हात पुसते
आणि माझ्याकडे न बघता विचारते,
मासे कुठले होते?