तीस जूनच्या आधी

इसाफ्योर्दुरच्या मासळी-लिलावघरात आमचे अकरा सर्व्हर.
सगळ्यांना होड्यांची नावं,
फक्त बुडालेल्या होडीचं नाव ठेवायचं नाही,
एवढ्या एका बाबतीत हाल्बेरा कडक आहे.

तीस जूनला जुन्या लिनक्सचा आधार संपतो.
मग भोकं पडतील, बुजवायला कुणी येणार नाही.
मार्चपासून आम्ही तक्ता भरतोय:
हलवायचं, नव्याने उभारायचं, बंद करायचं.
चौथा रकाना आर्न्केलने घातला, 'माहीत नाही',
आणि सगळ्यात आधी तोच भरला.

त्यात पहिली फानेय.
दोन हजार एकशे तेरा दिवस एकदाही न थांबलेली.
'चालत्या गाडीला खीळ कशाला?' लिलावाचे साहेब म्हणाले.
'चालते म्हणूनच,' हाल्बेरा म्हणाली.
'इतकी वर्षं जी बंदच झाली नाही
ती सुरू होते का, हे कुणी पाहिलंय?'

साहेबांनी कॉफी ढवळली. साखर नव्हती तिच्यात.

फानेयच्या पोटात एक ओळ सापडली.
रोज पहाटे तीन चाळीसला
लाटेची उंची, वाऱ्याची दिशा
एका फोन नंबरला जाते.
वर टीप: हात लावू नये. के.
के. म्हणजे कोल्बेइन.
तो आता चर्चमागच्या उतारावर असतो,
जिथून बंदर चांगलं दिसतं.

नंबर मी लावला.
बोलुंगार्विकची एक बाई. आवाज जागा.
बोट विकून सहा वर्षं झाली म्हणाली,
नवऱ्याला जाऊन चार.
'मेसेज येतो की. मला वाटलं सरकारच पाठवतं.
उठल्यावर बघते,
आज गेला असता की नसता.'
मी काहीतरी पुटपुटलो.
'फार त्रास नसेल तर राहू द्या,' ती म्हणाली,
आणि आमच्याकडे हॅडक काय भावाने गेला ते विचारलं.

तक्त्यात याला रकाना नव्हता.

मग नक्कल काढली, नकलेची नक्कल काढली,
रिकाम्या मशिनवर तीनदा रंगीत तालीम केली,
दुसऱ्यांदा पडलो, का पडलो ते लिहिलं,
परतीची वाट आधी आखली, मग जायची.
कामाची वेळ ठरली: रात्री एक ते चार.
रात्र, असं लिहिलं आम्ही,
आणि जूनमध्ये ती इथे येतच नाही.
सूर्य डोंगराआड जाऊन नुसता आडवा होतो,
पोरं एक वाजता सायकली फिरवत असतात.

हाल्बेराने फानेय बंद केली.
पंखे थांबले तेव्हा कळलं
त्या खोलीत इतकी वर्षं किती आवाज होता.
पडदा काळा.
त्या रात्री अख्ख्या गावात
तेवढाच एक अंधार होता
आणि आम्ही तिघे त्याच्याकडे बघत होतो,
आर्न्केल तर श्वास घ्यायचाही विसरला.

दोन चौदाला पहिलं अक्षर उमटलं.
तीन चाळीसला गेलं: लाट सव्वा मीटर, वारा ईशान्येचा.

सकाळी साहेबांनी विचारलं, काय बदललं?
काही नाही, आम्ही म्हणालो. ते खूश झाले.

बदललं होतं एक.
'हात लावू नये' हाल्बेराने पुसलं होतं
आणि तिथे लिहिलं होतं:
हा मेसेज कुणाला जातो, का जातो,
कधी थांबवायचा,
आणि थांबवण्याआधी
कुठला नंबर लावून विचारायचं,
सकाळी सहानंतर.