बेचाळीस दिवसांच्या आत

पेन्झान्सला, बंदराच्या वरच्या रस्त्यावर
माझं टेबल.
बेचाळीस दिवसांच्या आत यायचं, असा कायदा,
म्हणून माणसं एकेचाळिसाव्या दिवशी येतात.
ओले रेनकोट, आंबूस दुधाचा वास,
आणि खिशात एक नाव,
बसच्या तिकिटामागे लिहिलेलं.

नाव ठेवणं त्यांचं काम.
नावं ठेवणं माझं नाही.
मी विचारते फक्त स्पेलिंग,
आणि शाईत टाक बुडवते.
शाई निळी उतरते,
वाळता वाळता काळी पडते,
मग शंभर वर्षं जागची हलत नाही.

एक कोळी आला, मुलीला बोटीचं नाव द्यायला.
म्हटलं, बोटीला कुणाचं दिलंत?
म्हणाला, आजीचं.
मग ठीकच.

पूर्वी मी अर्थही सांगायची. न विचारता.
हौस होती.
जागो म्हणजे आपला जेम्सच, कॉर्निश पाण्यातला.
एलोवेन म्हणजे एल्मचं झाड,
आणि एल्म तर रोगानं गेले सगळे,
आता पोरीच उरल्यात त्या जातीच्या.

लव्हडे अँगोव्हचे आईबाप
माझ्यासमोरच जुंपले, आडनाव कुणाचं लावायचं म्हणून.
मी टाक खाली ठेवला आणि सांगितलं,
पूर्वी भांडण मिटवायला एक दिवस नेमत.
बांध असो, गुरं असोत, फुटलेलं डोकं असो,
दोन्हीकडची माणसं त्या दिवशी समोरासमोर बसायची.
तो लव्हडे.
त्या दिवशी जन्मली पोर की तिचं नाव तेच.
दोघं गप्प झाले.
मग बाप म्हणाला, लिहा हिचंच.
ती म्हणाली, नाही, तुझं.
आणि पुन्हा सुरू.

तळघरातल्या जुन्या वहीत एक केरेनहॅपक आहे.
बाप तांब्याच्या खाणीत, सहीच्या जागी फुली.
ईयोबाच्या धाकट्या लेकीचं नाव,
अर्थ, काजळाचं शिंग.
दिवसभर काळोख खणून वर येणाऱ्याला
आणखी काळं कशाला हवं होतं?
पण डोळेच तसे असतील पोरीचे.
फुलीची एक रेघ जरा लांब गेली आहे,
हात थरथरला असेल, किंवा हसला असेल.

त्या फेब्रुवारीत जेना ट्रेम्बाथ आली. एकटी.
टोपली पायाशी, टोपलीत एक मूठ, बाकी सगळी शाल.
नाव?
टॅम्सिन.
वा, मी म्हटलं, जुनं आहे हो,
थॉमसचं बाईरूप,
आणि थॉमस म्हणजे

तोंड उघडंच राहिलं माझं.
समोरच्या कागदावर, हॉस्पिटलच्या अक्षरात,
वेळ लिहिली होती. तास आणि मिनिटं.
एकट्या बाळाची वेळ आम्ही लिहीत नाही.

माहीत आहे मला, ती म्हणाली.
जुळी.
तुम्हाला ती दुसरी वही पण काढावी लागेल.

दुसरी वही खालच्या खणात असते.
पातळ.
तो खण अडकतो, गुडघे टेकावे लागतात.

हिचं नाव?
कोरं ठेवा.
तिच्या नावात आहे ही.

टोपलीतली मूठ उघडली, मिटली.
मी एक आडवी रेघ मारली त्या रकान्यात,
पट्टी धरून, सरळ,
निळी.

तेव्हापासून अर्थ सांगत नाही कुणाला.

परवा एक उंच मुलगी आली, पासपोर्टसाठी दाखल्याची नक्कल हवी होती.
पोर्तुगालला चाललेय, पहिल्यांदाच, म्हणाली.
नाव सांगितलं.
एस की झेड, मी विचारलं,
विचारायची गरज नव्हती.
एस. सगळे चुकतात.
मग टेबलावर कोपर टेकून,
तुम्ही तर इतकी नावं लिहिता,
याचा अर्थ काय असतो हो?

आईला विचार, मी म्हटलं,
आणि सही केली,
आणि शाई वाळेपर्यंत
तिला जाऊ दिलं नाही.